कोऱ्या पावत्या विकणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुम्ही पेट्रोलपंपावरच्या कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे बाळगता. दरवर्षी जून-जुलै उजाडला, विवरणपत्रं भरायची घाई सुरू झाली, की ते तुमच्या खणातून बाहेर निघतात. समोर बसलेला किराणा दुकानदार, केटरर किंवा फरसाणवाला विचारतो, ‘साहेब, टॅक्स किती बसतोय?’ तुम्ही आकडा सांगता. त्याचा चेहरा उतरतो. मग तुम्ही म्हणता, ‘काळजी करू नका, गाडीखर्चात बसवू.’ तो सुटकेचा श्वास सोडतो, तुमची फी देतो, वर पावत्यांचे वेगळे पैसे देतो आणि आभार मानून घरी जातो.

मी सांगलीत छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. तुमच्याकडून सुटलेल्या फायली माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतात, तेही बहुतेक वेळा आयकर खात्याची नोटीस आल्यावरच. त्या वाचून माझा संताप होतो, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. तुमचं आणि तुमच्या ऑफिसचं नाव मी घेत नाही, कारण तुमच्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत बसलेली आहेत. हे पत्र त्या सगळ्यांना आहे.

सरकारचा कर तुम्ही बुडवता, हा गुन्हा आहेच. त्याची चौकशी करायला खातं समर्थ आहे. माझी तक्रार त्या बिचाऱ्या धंदेवाल्याच्या वतीने आहे. कायद्याने त्याला गाडीखर्चाची जी खरी वजावट देऊ केली होती, ती तुम्ही त्याच्या हातातून घालवलीत आणि तिच्या जागी खोटी वजावट विकलीत. खरी मोठी होती. खोटी लहान होती आणि वर धोक्याची होती.

तुमच्याकडून आलेली एक फाइल सांगते. फरसाण-चिवडा करून आसपासच्या तालुक्यांत पोचवणारा एक तरुण. २०२३च्या एप्रिलमध्ये त्याने कर्ज काढून डिझेलवरचा छोटा टेम्पो घेतला. मूळ किंमत सहा लाख, त्यावर तेव्हाच्या २८ टक्क्यांनी जीएसटी १,६८,०००. त्या वर्षीच्या नफातोटा पत्रकात तुम्ही ‘वाहन खर्च’ म्हणून ९६,००० रुपये लिहिलेत. मी पावत्या मागवल्या. सगळ्या एकाच पंपाच्या, एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या अक्षरातल्या. आणि पेट्रोलच्या! डिझेलच्या टेम्पोला वर्षभर पेट्रोल घातल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून दिलात. इतकं बेफिकीर काम करताना तुम्हाला त्या पोराच्या भवितव्याचा विचार एकदाही शिवला नाही का?

आता त्याच वर्षीचा खरा हिशेब ऐका. टेम्पो पूर्ण धंद्यासाठी वापरला जात होता. घसारा १५ टक्के. जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नव्हतं, म्हणून किंमत ७,६८,००० धरली तरी पहिल्याच वर्षाचा घसारा १,१५,२०० रुपये होतो. तुमच्या खोट्या आकड्यापेक्षा एकटा घसारा जास्त. त्यावर कर्जाचं व्याज, जे बँकेच्या एका पानाच्या दाखल्यावर मिळतं. विम्याचा हप्ता. टायर, सर्व्हिसिंग, टोल. शिवाय त्याने खरोखर भरलेलं डिझेल, ज्याचे पैसे तो जवळजवळ नेहमी मोबाइलवरून देत होता आणि ज्याची प्रत्येक नोंद त्याच्या बँक खात्यात तारखेसह पडलेली होती. यातलं काहीही तुम्ही विचारलं नाहीत. टेम्पोचं आरसी बुक मागितलं नाहीत. कर्जाचा उतारा मागितला नाहीत. गाडी पेट्रोलची की डिझेलची, एवढंसुद्धा विचारलं नाहीत.

हा घसारा आता परत आणता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १९६१च्या आयकर कायद्याच्या ३२व्या कलमाला जोडलेलं पाचवं स्पष्टीकरण सांगतं की घसारा मागितला असो वा नसो, तो दिला गेला असंच धरलं जाईल. म्हणजे दुसऱ्या वर्षी त्याच्या टेम्पोची पुस्तकी किंमत ६,५२,८०० रुपयेच धरायची. मधले १,१५,२०० रुपये वजावट न मिळताच विरून गेले. विवरणपत्र सुधारायची मुदत टळली होती. पुढे भरता येतं ते अद्ययावत विवरणपत्र कर वाढत असेल तरच चालतं, कर कमी करून घ्यायला चालत नाही. सगळी दारं बंद.

आणि जीएसटी? मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट नियमित नोंदणी असलेल्या धंद्याला मिळतं. त्याची नोंदणी होती आणि माल करपात्र होता. १,६८,००० रुपये त्याने दर महिन्याच्या जीएसटीतून वळते करून घेतले असते. २०२३-२४च्या खरेदीचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ला संपली. फाइल माझ्याकडे आली तेव्हा ती तारीख कधीच उलटून गेली होती. हे पैसे कुणी चोरले नाहीत, कुणी खाल्ले नाहीत, पण ते त्याच्या घरात आले नाहीत. कारण तुम्ही त्या वेळी पावत्यांवर खोट्या तारखा घालण्यात गुंतला होता.

कायदा फार अवघड आहे, असं तुम्ही लोकांना सांगता. तो अवघड असता तर तुमचं अज्ञान मी समजून घेतलं असतं. पण गाडीखर्चाची मूळ तत्त्वं साधी आहेत आणि आठवडी बाजारातल्या माणसालाही कळतील अशी आहेत. १९६१च्या कायद्याचं ३७वं कलम म्हणतं, खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा. ३८वं कलम म्हणतं, गाडी धंद्यालाही वापरता आणि घरालाही, तर धंद्याच्या वाट्याचा रास्त भाग घ्या. टक्केवारी कायद्याने ठरवून दिलेली नाही. म्हणूनच धंद्याचा वापर किती, हे दाखवणारी वही नसेल तर अधिकारी अंदाजाने दहा-वीस टक्के कापतो आणि आपल्याला बोलायला तोंड राहत नाही. गाडी घेतली त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा अर्धा. भाड्याने चालवायच्या टॅक्सी, बस, ट्रकला घसारा ३० टक्के. बॅटरीवरच्या गाडीला ४० टक्के. एवढं तर एका दुपारी वाचून होतं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण ‘संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी’ ही कसोटी कायम राहिली. नव्या करप्रणालीत धंद्याचे खर्च मिळत नाहीत, ही तुम्ही उठवलेली आवई तर सरळ खोटी आहे. नव्या प्रणालीतही गाडीचं इंधन, दुरुस्ती, विमा, व्याज आणि नेहमीचा घसारा मिळतो. हे लपवून तुम्ही लोकांना घाबरवता आणि मग त्यांना गठ्ठा दाखवता.

आमच्या भागातल्या एका ताईंबद्दल सांगताना माझा हात थरथरतो. त्या घरगुती डबे करतात आणि स्कूटरवरून स्वतः पोचवतात. वर्षाची उलाढाल नऊ लाखांच्या आसपास. तुम्ही त्यांचं विवरणपत्र ४४एडी कलमाखाली भरलंत. म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा गृहीत धरायचा: रोखीच्या जमेवर ८ टक्के, बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या जमेवर ६ टक्के, आणि खरा नफा जास्त असेल तर तो जास्तीचा. या पद्धतीत इंधन, दुरुस्ती, घसारा असे सगळे खर्च आधीच वजा झाले असं कायदा मानतो. वेगळी पावती लावायला त्या फॉर्ममध्ये जागाच नाही. तरी तुम्ही त्यांना पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा विकलात आणि ‘ॲडजस्ट केलं’ असं सांगितलंत. नऊ लाखांची सगळी उलाढाल रोखीची धरली तरी ८ टक्क्यांनी ७२,००० रुपये नफा होतो. खरा नफा त्याच्या तिप्पट असता तरी त्यांना एक रुपया कर बसत नव्हता. पहाटे चारला उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईकडून तुम्ही ज्याचे पैसे घेतलेत, त्याचा तिला कवडीचाही उपयोग नव्हता. हे करसल्ल्याचं काम नव्हे. याला फसवणूक म्हणतात, आणि मी ती तशीच म्हणणार.

याच जातीची आणखी एक गोष्ट. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. नऊ-दहा लाख निव्वळ नफा असलेला दुकानदार तुमच्याकडे येतो, त्याला कर नाहीच. त्यालाही तुम्ही गाडीखर्च ‘बसवून’ देता. बसवता कुठे आणि कशासाठी?

हार्डवेअरच्या एका व्यापाऱ्याच्या बाबतीत तुम्ही त्या टेम्पोच्या बरोबर उलट केलंत. त्यांनी चौदा लाखांची पाच आसनी कार घेतली. तेरापर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीवरचं जीएसटी क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या १७(५) कलमाने अडवलेलं आहे. टॅक्सीचा धंदा, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल असेल तरच सूट. अशा गाडीच्या विम्यावरचं, सर्व्हिसिंगवरचं क्रेडिटही मिळत नाही. तुम्ही ते सगळं घेऊन टाकलंत. ते त्यांना वर्षाला १८ टक्के व्याजासह परत भरावं लागलं. टेम्पोवर मिळत होतं ते सोडलंत आणि कारवर मिळत नव्हतं ते घेतलंत. शिवाय दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, गोळा करतो. ते चौदा हजार रुपये त्यांच्या नावावर २६एएस या कराच्या उताऱ्यात जमा दिसत होते, करातून वळते करायला फक्त पाहायचं होतं. तुम्ही पाहिलं नाहीत. त्यांनी भरलेला कर्जाचा पूर्ण हप्ता मात्र खर्चात टाकलात. हप्त्यातलं व्याज खर्चात जातं, मुद्दल जात नाही, हे वाणिज्य शाखेच्या मुलालाही माहीत असतं. ई-चलानचे दंडसुद्धा तुम्ही ‘वाहन खर्चा’त घातलेत. कायदा मोडल्याबद्दलचा दंड कधीच वजावट होत नाही.

खऱ्या खर्चाचीही तुम्ही अशीच वाट लावता. गॅरेजवाल्याला इंजिनकामाचे अठ्ठावीस हजार रोख द्यायला निघालेल्या माणसाला तुम्ही कधी थांबवलंत का? एका दिवशी एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले की तो अख्खा खर्च १९६१च्या कायद्याच्या ४०ए(३) कलमाने वजावटीतून बाद होतो. माल वाहून नेणाऱ्या वाहतूकदाराला भाड्यापोटी द्यायचे असतील तर ही मर्यादा ३५,००० आहे. गाडी घेतानाचं डाउन पेमेंट दहा हजारांच्या वर रोखीत दिलं तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून वगळली जाते आणि तिच्यावर घसारा मिळत नाही. हे दोन शब्द वेळेवर सांगितले असते तर लोकांचे खरे, घामाचे, कागदोपत्री सिद्ध होणारे खर्च वाचले असते. पण खऱ्या खर्चावर तुम्हाला कमिशन नाही. कमिशन खोट्यावर आहे. चार्टर्ड अकाउंटंटला, काही अपवाद सोडले तर, नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्केवारीवर फी घ्यायला १९४९च्या कायद्याने मनाई आहे. ती मनाई कशासाठी आहे, ते तुमच्याकडे पाहिलं की कळतं. तुम्ही ‘वाचवलेल्या’ करावर टक्केवारी घेता, म्हणून तुमची नजर गिऱ्हाइकाच्या गाडीकडे जात नाही, फक्त आकड्याकडे जाते.

‘एवढ्याशा पावत्यांना कोण विचारतो’ हे तुमचं आवडतं वाक्य. विचारतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात एकाच वेळी दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती खोट्या वजावटी दाखवून विवरणपत्रं भरून देणाऱ्या मध्यस्थांचीच होती. त्या वजावटी बहुतेक पगारदारांच्या होत्या, पण तुमच्या धंद्याची जात तीच. आणि २०२०पासून १९६१च्या कायद्यात २७१एएडी नावाचं कलम आहे. हिशेबाच्या वह्यांत खोटी नोंद आढळली तर त्या नोंदीच्या रकमेइतका दंड. नीट वाचा: चुकवलेल्या कराइतका नव्हे, खोट्या नोंदीच्या रकमेइतका. फरसाणवाल्याच्या ९६,००० रुपयांवर दंड ९६,००० होऊ शकतो. याखेरीज उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड, तो वेगळा. आणि २७१एएडी कलमाचाच दुसरा भाग म्हणतो की ज्याने दुसऱ्याला अशी खोटी नोंद करायला लावली, त्यालाही तेवढाच दंड. तो दुसरा भाग तुमच्यासाठी लिहिलेला आहे, महाशय. तुम्ही मात्र नोटीस आली की फोन उचलत नाही.

आता मला खरी जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगते. ज्या गाडीच्या नावाने तुम्ही खोटे खर्च लिहिता, त्याच गाडीवर हा माणूस रोज पहाटे रस्त्यावर उतरतो. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर, महामार्गावर, पावसात, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून. त्यातला एखादा घरी परत येत नाही. मग त्याची बायको मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभी राहते. तिथे पहिला प्रश्न विचारतात: मयताचं उत्पन्न किती होतं? आणि पुरावा म्हणून मागतात आयकर विवरणपत्रं. उत्पन्न ठरवायला विवरणपत्र हा भरवशाचा कागद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. ‘प्रत्यक्षात ते जास्त कमवत होते, साहेबांनी खर्च वाढवून दाखवले होते’ असं ती बाई कोणत्या तोंडाने सांगणार?

याची किंमत काढता येते, म्हणून काढून दाखवते. समजा साडेचौदा लाखांच्या आसपास उत्पन्न असलेल्या, अडतीस वर्षांच्या माणसाचे तुम्ही वर्षाला ६०,००० रुपये खोटे गाडीखर्च दाखवलेत. २०२५-२६च्या नव्या दरांनी १५ टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरून त्याचे ९,३६० रुपये वाचले. त्यातले काही तुम्ही घेतलेत. आता तो अपघातात गेला, मागे आई, बायको आणि दोन मुलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७मध्ये प्रणय सेठी प्रकरणात भरपाई मोजायची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. चार अवलंबितांसाठी त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा. छत्तीस ते चाळीस वयाला पंधराने गुणायचं. ६०,०००चे ८४,००० होतात, चौथा भाग गेला की ६३,००० उरतात, पंधरा पटीने ९,४५,००० होतात. करात थोडा फरक धरला तरी रक्कम लाखांतच राहते. वर्षाला नऊ हजारांसाठी तुम्ही त्या लेकरांचे नऊ लाख घालवलेत. असे कागद मी पाहिले आहेत. ते पाहिल्यावर मला तुमच्याबद्दल सौम्य शब्द सुचत नाहीत.

बँकेतही हेच होतं. दुसरा टेम्पो घ्यायला, शेड वाढवायला कर्ज मागायला गेलं की मॅनेजर आधीच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो. तुम्ही वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला नफा पाहून तो म्हणतो, एवढ्या उत्पन्नावर एवढा हप्ता झेपणार नाही. मग तो माणूस खासगी सावकाराकडे जातो.

यातलं काहीही घडायची गरज नव्हती. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एक जाडजूड वही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायला लावते. तारीख, कुठून कुठे, कोणाकडे, कशासाठी, निघताना मीटर किती, परतताना किती. सुरुवातीला कुरकुर होते. दोन-तीन महिन्यांनी हात बसतो. पंपावर छापील पावती गाडीच्या नंबरासकट घ्यायची आणि तिचा त्याच दिवशी फोटो काढायचा, कारण त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. फास्टॅगचा उतारा दर महिन्याला उतरवून ठेवायचा. किणीचा नाका किंवा तासवड्याचा नाका कोणत्या तारखेला, किती वाजता ओलांडला, हे त्यात असतं, आणि वहीतल्या फेरीशी ते जुळलं की अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो. गॅरेजच्या जॉब कार्डावर मीटरचं रीडिंग असतं. हे सगळे पुरावे धंदा करता करता आपोआप तयार होतात, कुणाला लिहून द्यावे लागत नाहीत. कार घरच्या लग्नाला गेली, देवदर्शनाला गेली, तर तेही वहीत लिहायचं. घरचा वापर प्रामाणिकपणे लिहिलेली वही अधिकाऱ्याला पटते. शंभर टक्के धंद्याचा दावा करणारी, एकही रविवार नसलेली वही पटत नाही, आणि पटू नये.

हे काम तुम्हालाही करता आलं असतं. त्यासाठी गिऱ्हाइकासोबत वर्षातून चार वेळा बसावं लागतं, त्याची गाडी, त्याच्या फेऱ्या, त्याचं कर्ज समजून घ्यावं लागतं. तुमची फीही त्यातून वाजवी वाढली असती आणि ती घ्यायला तुम्हाला खणात काही लपवावं लागलं नसतं. लोक तुमच्याकडे विश्वासाने येतात. इंग्रजी नोटिसा वाचता येत नाहीत, पोर्टलची भीती वाटते, म्हणून येतात. पासवर्ड तुमच्याकडे, ओटीपी तुम्हाला फोनवर सांगतात, विवरणपत्राची प्रत मागायचीसुद्धा त्यांना लाज वाटते. त्या भाबडेपणावर तुम्ही घर बांधलंत.

अजूनही एक काम तुमच्या हातात आहे. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलवा. कोणाच्या विवरणपत्रात खोटा गाडीखर्च घातला आहे, ते त्यांना तोंडावर सांगा. अद्ययावत विवरणपत्र भरायची मुदत २०२५पासून चार वर्षांपर्यंत वाढली आहे. पहिल्या वर्षी भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६०, मग ७०. नोटीस येण्याआधी भरलं तर माणूस पुढच्या मोठ्या दंडातून सुटू शकतो. ती जादा रक्कम त्यांच्याकडून मागू नका. तुम्ही घेतलेल्या पैशांतून ती तुम्ही भरा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या धंदेवाल्यांना, ताईंना, दादांना माझी विनंती: तुमच्या गेल्या वर्षीच्या विवरणपत्राची आणि नफातोटा पत्रकाची प्रत आजच मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे, ती द्यायला कोणी नकार देऊ शकत नाही. त्यात ‘वाहन खर्च’, ‘घसारा’ आणि ‘व्याज’ या ओळी बोट ठेवून वाचा. प्रत्येक आकड्यामागचा कागद दाखवा म्हणा. कागद दाखवता आला नाही, किंवा दाखवलेल्या पावतीवर तुमच्या गाडीचा नंबर नसला, तर फाइल उचला, पोर्टलचा पासवर्ड बदला आणि दुसरा माणूस शोधा.

सांगलीची एक हिशेबनीस